वसतिगृहात नायट्याची साथ: पहिल्या फोनपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

"डॉक्टर, पोरांना सगळ्यांना खरूज झालीय, मलम पाठवून द्या." पावसाळ्यात गृहपालांचा असा फोन येतो. या वाक्यातले तीन शब्द जागेवर जाऊन तपासायचे असतात: 'सगळ्यांना', 'खरूज' आणि 'मलम'. पहिले दोन सगळेच तपासतात. तिसरा राहून जातो, आणि बहुतेक तपास तिथेच फसतो.

नागरी आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सेवक आणि एएनएम (सहायक परिचारिका) यांच्यासाठी हे लिहिलं आहे. सोयीसाठी एक उदाहरण धरू. घणसोलीच्या बाजूला ८४ मुलांचं वसतिगृह आहे. मुलं मुरबाड-शहापूरकडची, त्यातली ३८ संध्याकाळी मॅटवर कबड्डी खेळतात. वसतिगृह आणि आकडे काल्पनिक आहेत, हिशेब मात्र खरा.

निघण्याआधी

फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या: एकूण मुलं किती, अंगावर चट्टे असलेली साधारण किती, पहिल्या मुलाला कधी झालं, आणि गेल्या महिन्यात किती मुलं घरी जाऊन आली. गृहपालांना सांगा की आम्ही येईपर्यंत कुणालाही घरी पाठवू नका आणि नवीन मलम वाटू नका. घरी पाठवलेलं पोर चार भावंडांना देऊन परत येतं. शिवाय तुमच्या यादीतून ते नाहीसं होतं.

तपासणीत जांघा बघाव्याच लागतात, त्यामुळे पालकांची किंवा संस्थेमार्फत रीतसर संमती आधी हवी. मुलांना पुरुष कर्मचाऱ्याने तपासावं, मुलींना महिला कर्मचाऱ्याने, आणि सोबत त्याच लिंगाची दुसरी प्रौढ व्यक्ती असावी. पडदा लागेल. तो नसेल तर चादर आणि दोरी घेऊन जा.

सामान: १५ नंबरची निर्जंतुक ब्लेड ३०, सत्तर टक्के अल्कोहोलचे स्वॅब, काचपट्ट्या आणि कव्हरस्लिप, १० टक्के केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्वचेच्या पेशी विरघळवून बुरशीचे धागे दाखवणारं द्रावण) छोटी बाटली, काळा कार्डपेपर १० बाय १० सेंटिमीटरमध्ये कापलेला, चांगला टॉर्च, भिंग, ब्लेड टाकायचा डबा, हातमोजे आणि छापील लाइन लिस्ट, म्हणजे प्रत्येकाची एक ओळ असलेला तक्ता. पावसाळ्यात कागद दमट होतो म्हणून काळे तुकडे झिपच्या पिशवीत ठेवा.

नमुने कुठे पाठवायचे ते जाण्याआधीच ठरवा. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला फोन करा. बुरशीचं कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून ओळखणं) लावता का, औषधसंवेदनशीलता (तिच्यावर कोणतं औषध चालतं याची तपासणी) होते का, नमुने कोणत्या वारी घेता, एवढं विचारा. शनिवारी दुपारी पुड्या घेऊन बंद दारासमोर उभं राहण्यात अर्थ नाही.

खरूज की नायटा

खरूज रात्री जास्त खाजते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या आणि नागमोडी रेघा दिसतात. नायट्याचा, म्हणजे गजकर्णाचा, चट्टा गोलसर असतो. त्याची कड उठावदार, लालसर आणि खवल्यांची असते, मधला भाग तुलनेने निवलेला. जांघा, नितंब, कंबरपट्टा, काख या त्याच्या आवडत्या जागा. सावळ्या अंगावर लाली दिसतेच असं नाही, तपकिरी-काळपट कड दिसते, म्हणून टॉर्च तिरका धरून बघा. पाठीवर-छातीवर न खाजणारे फिकट ठिपके असतील तर ती बहुधा शिबं. तीही बुरशीच, पण वेगळी, आणि या साथीत ती मोजायची नाही. एकाच पोराला खरूज आणि नायटा दोन्ही असू शकतात. तसं असेल तर दोन्ही लिहा.

आता तो तिसरा शब्द. प्रत्येक मुलाला विचारा, "आतापर्यंत काय काय लावलंस?" तोंडी उत्तरावर थांबू नका. ट्यूब आणायला सांगा, पेटीतून, उशीखालून, जिथे असेल तिथून. घटकांची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइडच्या जोडीला बुरशीचं आणि जिवाणूंचं औषध एकत्र असतं. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज आणि लाली बसते, पोर खूश होतं, ट्यूब खोलीभर फिरते. बुरशी मात्र मरत नाही. शरीराचा प्रतिकार तिथल्या तिथे दबतो आणि ती निवांत पसरते. लावणं बंद केलं की दुपटीने उठते, मग पुन्हा तीच ट्यूब. त्वचेवरची बरीच स्टिरॉइड मलमं २०१८ साली चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत गेली, तरी ती सहज मिळतात.

तपासाच्या दृष्टीने यात मेख अशी की स्टिरॉइड लावलेल्या चट्ट्याला कड उरत नाही. गोल आकार मोडतो, नुसता काळपट डाग, थोडे पुरळ, जांघेत पांढरट-जांभळे चरे एवढंच दिसतं. पुस्तकातल्या फोटोशी ताडून बघणारा नवा डॉक्टर त्याला इसब म्हणून यादीतून काढतो. आणि अनेकदा साथ पसरवणारं पोर तेच असतं. अशा चट्ट्याचे खवले काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर बुरशीचे धागे बहुधा भरपूर सापडतात.

रुग्ण कुणाला म्हणायचं

पहिल्या मुलाला तपासण्याआधी रुग्णव्याख्या कागदावर लिहा. मागाहून लिहिली की ती दिसलेल्या मुलांच्या मापाने बेतली जाते. आपल्या उदाहरणासाठी अशी चालेल:

संशयित: १५ जूननंतर या वसतिगृहात किमान एक आठवडा राहिलेली, आणि अंगावर किमान एक खाजरा चट्टा असलेली व्यक्ती. त्या चट्ट्याला खवल्यांची कड असेल, किंवा त्यावर गेल्या चार आठवड्यांत स्टिरॉइडचं मलम लावलेलं असेल.

निश्चित: संशयित असून केओएच तपासणीत बुरशीचे धागे दिसले किंवा कल्चरमध्ये त्वचेची बुरशी उगवली.

'किंवा स्टिरॉइडचं मलम' हे शब्द विसरू नका. 'व्यक्ती' हा शब्दही मुद्दाम आहे. गृहपाल, स्वयंपाकीण, कामाठी, कबड्डीचे सर हे सगळे तपासायचे. स्वयंपाकघरात मांजर फिरत असेल तर तिचे कान आणि पंजे बघा. मांजरीपासून येणारी बुरशी वेगळ्या जातीची असते आणि लहान मुलांच्या डोक्यात जास्त दिसते.

लाइन लिस्ट

सगळ्यात मोठी चूक इथे होते: फक्त आजारी मुलांची यादी केली जाते. निरोगी मुलं यादीत नसतील तर तुलना कुणाशी करणार? त्यामुळे ८४ च्या ८४ ओळी भरा.

रकाने: क्रमांक (नावाची यादी वेगळी, कुलपात), वय, खोली आणि खाट, गाव, घरी शेवटचं कधी गेला, घरात कुणाला खाज आहे का, चट्टा कधीपासून, अंगावर कुठे-कुठे, टॉवेल स्वतःचा की वाटून, आतले कपडे कुठे वाळतात, कबड्डी, गोविंदा पथकात सराव, केस कुठे कापतो, काय लावलं आणि किती दिवस.

तारीख विचारली की मुलं "लय दिवस झाले" म्हणतात. सणांवरून विचारा: आषाढी एकादशीच्या आधी की नंतर? नागपंचमीला होतं का? राखीला बहिणीने ओवाळलं तेव्हा? दोन सणांच्या मधला आठवडा हाती लागतो आणि तेवढं पुरतं, कारण बुरशी अंगावर रुजून दिसायला साधारण एक ते तीन आठवडे घेते. त्यामुळे आलेखही दिवसांचा काढू नका, आठवड्यांचा काढा.

टॉवेलबद्दल "वापरतोस का दुसऱ्याचा?" असं विचाराल तर सगळे नाही म्हणतील. "तुझा ओला असला की कुणाचा घेतोस?" असं विचारा. जमलं तर दोरीवरचे टॉवेल मोजा. ८४ मुलं आणि दोरीवर ५० टॉवेल असतील तर वेगळा पुरावा नको.

चट्ट्यांच्या जागाही बोलतात. मानेवर, डोक्यात, कानामागे जास्त असतील तर कटिंगचं मशीन बघा. हात, मान, चेहरा असेल तर अंगाला अंग भिडणारा खेळ. जांघा आणि कंबर असेल तर कपडे आणि टॉवेल.

खवले काढणं

सगळ्यांचे नमुने लागत नाहीत. वेगवेगळ्या खोल्यांतली, शक्यतो काहीच न लावलेली १० ते १५ मुलं निवडा. त्यात औषध घेऊनही बरी न झालेली दोन-तीन जरूर घ्या.

चट्टा अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्यावर खरवडलं तर खवले ब्लेडला चिकटून बसतात. ब्लेड आडवं धरून मधून बाहेर, कडेवर खरवडा. मध्यभागी बुरशी कमी असते, जिवंत वाढ कडेला. रक्त येऊ द्यायचं नाही. खाली काळा कागद धरला की पांढरे खवले दिसतात. चिमूटभर, निदान वीसेक पापुद्रे हवेत. अर्धे काचपट्टीवर घ्या, उरलेल्यांची अंगाऱ्याची बांधतात तशी पुडी करा. वर क्रमांक, जागा, तारीख. डोक्यातला चट्टा असेल तर तुटके केस मुळासकट १०-१२ उपटा. नखाचा वरचा थर फेकून खालचा भुगा घ्या.

पुडी कोरडी, खोलीच्या तापमानाला. फ्रीजमध्ये नको, सलाइनमध्ये तर मुळीच नको. ओलाव्यात जिवाणू वाढून कल्चर बिघडतं. प्लॅस्टिकच्या डबीतही खवले घामेजतात, म्हणून कागद.

काचपट्टीवर केओएचचा एक थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवा, १०-१५ मिनिटं थांबा. घाई असेल तर खालून हलकी धग द्या, पण उकळू देऊ नका, स्फटिक होतात. आधी १० च्या भिंगाखाली, मग ४० च्या. कंडेन्सर (काचपट्टीखालचं उजेड एकवटणारं भिंग) खाली घ्या आणि उजेड कमी करा. लख्ख उजेडात धागे दिसत नाहीत, नव्या माणसाचे निम्मे नमुने असेच निगेटिव्ह जातात. खरा धागा सारख्या जाडीचा असतो, आडव्या भिंती असलेला, फांद्या फुटणारा, आणि तो पेशींच्या सीमा ओलांडून आरपार जातो. पेशींच्या कडेकडेने जाळीसारखं फिरणारं दिसलं तर तो भास. कापसाचा तंतू जाड, चपटा आणि एकटा असतो.

कल्चर साबुरो माध्यमावर २५ ते ३० अंशांना लावतात आणि निगेटिव्ह म्हणायला चार आठवडे थांबावं लागतं. अहवालाची वाट बघत उपचार थांबवायचे नाहीत. अहवालात 'मेंटाग्रोफायटिस' हा नायट्याच्या बुरशीचा गट आला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२० साली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए' हे नाव मिळालेली जात कल्चरमध्ये त्याच गटासारखी दिसते. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफाइन हे नायट्यावरचं नेहमीचं औषध चालत नाही, कारण ते औषध ज्या एन्झाइमला धरतं त्याच्याच जनुकात बदल झालेला असतो. नक्की ओळख जनुकीय क्रम काढूनच होते. ती सोय सगळीकडे नाही, पण बरी न होणाऱ्या मुलांचं कल्चर फेकू नका म्हणून प्रयोगशाळेला सांगता येतं.

हिशेब

समजा ८४ पैकी ३१ रुग्ण सापडले. अटॅक रेट, म्हणजे एकूण मुलांपैकी आजारी पडलेल्यांचं प्रमाण, ३७ टक्के. 'सगळ्यांना' हा शब्द इथे गळला.

कबड्डी खेळणाऱ्या ३८ मध्ये २१ रुग्ण, म्हणजे ५५ टक्के. न खेळणाऱ्या ४६ मध्ये १०, म्हणजे २२ टक्के. अडीचपट फरक. इथे संस्थाचालक म्हणतात, मॅट बदलू. थांबा.

टॉवेल वाटून वापरणाऱ्या ४० मध्ये २४ रुग्ण, ६० टक्के. न वाटणाऱ्या ४४ मध्ये ७, १६ टक्के. जवळजवळ पावणेचारपट. आणि खेळणारी मुलंच टॉवेल जास्त वाटतात, कारण सरावानंतर नळावर एकदम गर्दी होते. मग दोष मॅटचा की टॉवेलचा? यादी चार भागांत फोडा:

खेळतो आणि टॉवेल वाटतो: २८ पैकी १९, म्हणजे ६८ टक्के.
खेळतो, वाटत नाही: १० पैकी २, म्हणजे २० टक्के.
खेळत नाही, वाटतो: १२ पैकी ५, म्हणजे ४२ टक्के.
दोन्ही नाही: ३४ पैकी ५, म्हणजे १५ टक्के.

टॉवेल न वाटणाऱ्यांत खेळण्याने फारसा फरक पडत नाही, २० विरुद्ध १५. वाटणाऱ्यांत मात्र खेळाची भर पडते. आकडे छोटे आहेत, दहाच्या गटात एक रुग्ण इकडेतिकडे झाला तर टक्के हलतात, हे अहवालात लिहा. पण पैसे आधी टॉवेलांवर घालायचे हे एवढ्यावर ठरतं. शेवटच्या गटातल्या पाच मुलांच्या ओळी पुन्हा वाचा. घरात कुणाला खाज आहे, कुणाची ट्यूब घेतली, ते तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

मॅटचे आणि भिंतींचे स्वॅब घेण्याचा मोह होतो. आमच्या मते तो खर्च वाया आहे. खवल्यांतल्या बुरशीच्या पेशी महिनोन्महिने टिकतात. मॅटवर सापडली तरी मॅटवरून मुलाला गेली की मुलाकडून मॅटवर आली ते कळत नाही.

आवर घालणं

हिशेब पुरा होण्याआधी, पहिल्याच दिवशी सुरू करायचं. प्रत्येक मुलाला दोन टॉवेल, नाव लिहिलेले. एक वापरात, एक दोरीवर. टॉवेल, चड्ड्या आणि मोजे एका बादलीत कोंबून ठेवले की एकाची बुरशी दुसऱ्याच्या धुतलेल्या कपड्यांना लागते. रुग्णांचे कपडे वेगळे. थंड पाण्याचं मशीन बुरशीला आंघोळ घालतं, एवढंच. ६० अंशांचं पाणी लागतं, म्हणून मशीनवर ती सोय नसेल तर कढत पाण्यात भिजवणं आलं. जुलैत ठाण्यात ऊन नसतं आणि कपडे तीन दिवस दमट राहतात. चड्डीची शिवण आणि इलास्टिक पूर्ण कोरडं होईपर्यंत इस्त्री फिरवा.

मॅट आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मळावर क्लोरीन चालत नाही. मग अर्धा टक्का क्लोरीनचं पाणी: ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर लिटरला १५ ग्रॅम. दहा मिनिटं ओलं ठेवून साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर फोम खराब होतो. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पोतं कुचकामी असतं. गुठळ्या झाल्या असतील आणि वास येत नसेल तर नवीन पाकीट फोडा.

चट्टे असलेली मुलं शाळेत जाऊ शकतात. मॅटवर मात्र नको. अमेरिकेतल्या विद्यापीठ कुस्तीत अंगावरच्या चट्ट्यासाठी निदान ७२ तास आणि डोक्यातल्यासाठी दोन आठवडे उपचार झाल्याशिवाय उतरू देत नाहीत. तेवढी अट इथेही पाळता येते.

औषध कोणतं आणि किती हे त्वचारोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. मोठ्यांना टर्बिनाफाइन रोज २५० मिलिग्रॅम किंवा इट्राकोनाझोल रोज १०० ते २०० मिलिग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे. इट्राकोनाझोलची कॅप्सूल जेवणानंतर लगेच. यकृताचा त्रास, गरोदरपण, इतर गोळ्या आधी विचारा. डोक्यातला नायटा नुसत्या मलमाने जात नाही.

मलमाचा हिशेब फार कमी जण करतात. बोटाच्या पेराएवढी पट्टी म्हणजे अर्धा ग्रॅम, ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर लावायचं असल्याने जांघा-नितंब असलेल्या मुलाला सहज चार तळहात जागा होते. म्हणजे एका वेळी एक ग्रॅम, क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा म्हणून दोन ग्रॅम, चार आठवड्यांत ५६ ग्रॅम. पंधरा ग्रॅमच्या चार ट्यूब. ३१ मुलांना १२४. तुमच्या केंद्रातून चाळीस ट्यूब गेल्या तर दहाव्या दिवशी त्या संपतात, आणि अकराव्या दिवशी पोरं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुनीच आणतात. जुन्या ट्यूब गोळा करून घेऊन जा. त्या बंद केल्यावर पहिला आठवडा खाज वाढते हे मुलांना आणि गृहपालांना आधीच सांगा, नाहीतर तुमचं औषध लागू पडलं नाही असा बोभाटा होतो.

कळवणं आणि पुन्हा तपासणं

नायटा नेहमीच्या साप्ताहिक रोगसर्वेक्षणात ठळकपणे येत नाही, म्हणून 'कळवायची गरज नाही' असं समजू नका. एका जागी एकदम वाढलेली संख्या महापालिकेच्या साथरोग कक्षाला पहिल्याच दिवशी कळवा, अहवाल नंतर पाठवा. अहवाल दोन पानी असावा: व्याख्या, आठवड्यांचा आलेख, वर दिलेली चौकडी, किती नमुन्यांत बुरशी सापडली, किती मुलांकडे स्टिरॉइड सापडलं, काय केलं. फोटो जोडायचे तर फक्त चट्ट्याचे, शेजारी पट्टी ठेवून. चेहरा किंवा गळ्यातला ताईतसुद्धा दिसता कामा नये.

दर आठवड्याला सगळ्या ८४ जणांची तपासणी करा, फक्त ३१ जणांची नको. चट्टा दिसेनासा झाला तरी औषध डॉक्टर सांगतील तोवर चालू. चार आठवड्यांत फरक नसेल तर प्रतिरोधाचा संशय घेण्याआधी गोळ्यांची उरलेली पाकिटं मोजा, घरच्यांचं विचारा, पेटी पुन्हा उघडायला सांगा. हे सगळं ठीक निघालं तर दुसऱ्यांदा खवले काढा आणि संवेदनशीलता मागा. सलग सहा आठवडे नवा रुग्ण नाही, म्हणजे बुरशी दिसायला लागणाऱ्या जास्तीत जास्त काळाच्या दुप्पट, तेव्हा साथ संपली असं लिहायला हरकत नाही.

मधे गणपतीची सुट्टी येते. मुलं घरी जातात, एका चटईवर सहा जण झोपतात आणि आठवड्याने परत येतात. परतायच्या दिवशी संध्याकाळी टॉर्च आणि लाइन लिस्ट घेऊन वसतिगृहात हजर राहा. नवा चट्टा दिसला तर त्याच क्रमांकापुढे तारीख लिहा, गावच्या आरोग्य केंद्राला घरच्यांबद्दल कळवा, आणि आईने बॅगेत घालून दिलेली ट्यूब तिथेच वाचून काढून घ्या.